क्रीम की ऑपरेशन: तराजूत घालण्याआधी

प्रस्तावना

"ऑपरेशन सांगितलंय, पण त्याआधी प्रोजेस्टेरॉनचं क्रीम लावून बघू का?" एंडोमेट्रिऑसिस असलेल्या बायका हा प्रश्न मला सतत विचारतात. विचारणारी कधी पुण्यात नोकरी करणारी मुलगी असते, कधी सांगलीकडची शिक्षिका, तर कधी न्यू जर्सीत राहणारी कुणाची तरी सून. त्या सुनेच्या घराजवळच्या दुकानात ही ट्यूब चिठ्ठीशिवाय मिळते, शाम्पूच्या शेजारच्या फळीवर. मग ती दिवाळीत येताना बहिणीसाठी दोन ट्यूब घेऊन येते. एका बाजूला भूल, टाके, खर्च, रजा आणि घरातल्यांचे प्रश्न. दुसऱ्या बाजूला मनगटाच्या आतल्या बाजूला चोळायचं थोडंसं क्रीम. असं मांडलं तर कुणीही क्रीमच उचलेल.

ही मांडणीच चुकीची आहे, हे सांगण्यासाठी मी हे पुस्तक लिहिलं. क्रीम आणि ऑपरेशन एकमेकांसमोर उभी केली जातात, पण त्यांच्या मधे औषधांची मोठी रांग आहे, आणि भीतीपोटी आपण तिकडे बघतही नाही. ऑपरेशन म्हणजे नेमकं कुठलं, कुणाच्या हातून आणि कशासाठी, हे तर बहुतेक घरांत विचारलंच जात नाही. ते विचारल्याशिवाय केलेली निवड बाईची राहत नाही. ती तिच्या थकव्याची असते, नाहीतर ज्याने शेवटचा सल्ला दिला त्याची.

आधी आजाराविषयी थोडं. गर्भाशयाच्या आतलं अस्तर दर महिन्याला वाढतं आणि पाळीत गळून जातं. त्याच्यासारखंच ऊतक गर्भाशयाबाहेर रुजतं, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, अंडाशयात, मूत्राशयावर, आतड्यावर, तेव्हा त्या आजाराला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. तिथे झालेल्या रक्तस्रावाला बाहेर पडायला वाट नसते. सूज येते, व्रण होतात, शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. अंडाशयात जुनं रक्त साचून जी गाठ होते, तिला सगळे चॉकलेट सिस्ट म्हणतात. हे नाव अमेरिकेतले डॉ. जॉन सॅम्पसन यांच्या १९२१ च्या लेखापासून चालत आलं आहे. पाळीचं थोडं रक्त गर्भनलिकांतून उलटं पोटात जातं आणि तिथे रुजतं, हा सिद्धांतही त्यांचाच, १९२७ चा. तो आजही शिकवला जातो, पण त्याने अर्धंच कोडं सुटतं. रक्त असं उलटं तर दहातल्या नऊ जणींचं जातं. आजार दहातल्या एकीला होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सुमारे १९ कोटी बायका-मुलींना तो आहे, आणि भारतातला आकडा चार कोटींच्या आसपास असावा असा अंदाज दिला जातो.

इतका मोठा आजार इतका झाकलेला राहतो, कारण तो सहन करायच्या गोष्टींत जमा केला गेला आहे. मुलगी चौदा-पंधराची असते तेव्हा सांगतात, पाळीत दुखायचंच. विशीत सांगतात, लग्न झालं की थांबेल. लग्नानंतर सांगतात, एक मूल होऊ दे, सगळं जागेवर येईल. मूल झालं नाही तर दुखणं मागे पडतं आणि सगळे दवाखाने मुलासाठीच होऊ लागतात. पहिली कळ आणि निदान यांच्यामध्ये सात-आठ वर्षं जाणं ही जगभरची सर्वसाधारण गोष्ट आहे. पद्मा लक्ष्मी यांच्यासारख्या अमेरिकेत राहणाऱ्या, जगभर नाव असलेल्या बाईला तेराव्या वर्षापासून त्रास होता आणि निदान झालं छत्तिसाव्या वर्षी. आपल्याकडे सोनोग्राफी नॉर्मल आली की विषय संपतो. ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावरचे या आजाराचे बारीक ठिपके साध्या सोनोग्राफीत दिसत नाहीत, हे दुखणं घेऊन आलेल्या बाईला कुणी सांगत नाही. ती मेफ्टालची पट्टी पर्समध्ये टाकते आणि कामाला जाते.

क्रीमची ओढ इथून सुरू होते, म्हणून तिला मी हसणार नाही. ज्या बाईचं म्हणणं दहा वर्षं कुणी खरं मानलेलं नाही, तिला क्रीमच्या वेष्टनावरचा मजकूर पहिल्यांदा सांगतो की तुझं दुखणं खरं आहे, त्याला कारण आहे, आणि ते तुझ्या हाताने बरं होईल. त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसरंही बऱ्याच अंशी खरं आहे. अडचण तिसऱ्याची आहे.

या क्रीमची जन्मकथा मेक्सिकोतली आहे. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला रसेल मार्कर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने व्हेराक्रुझ भागातल्या एका रानकंदापासून प्रोजेस्टेरॉन तयार करून दाखवलं. हा कंद आपल्या कोनफळाच्या कुळातला. त्याआधी हे संप्रेरक जनावरांच्या अवयवांतून थेंबाथेंबाने काढावं लागे आणि सोन्यापेक्षा महाग पडे. कंदात प्रोजेस्टेरॉन नसतं. त्यात डायोस्जेनिन नावाचं द्रव्य असतं, आणि प्रयोगशाळेत एकापाठोपाठ एक रासायनिक क्रिया केल्यावर त्याचं प्रोजेस्टेरॉन होतं. माणसाच्या शरीराला हे रूपांतर जमत नाही. म्हणून ज्या ट्यूबवर नुसता रानकंदाचा अर्क लिहिलेला आहे, तिच्यातून बाईला संप्रेरक म्हणून काहीही मिळत नाही. काही ट्यूबांत मात्र खरंच प्रोजेस्टेरॉन घातलेलं असतं, साधारण वीस मिलिग्रॅम एका वेळेला. अमेरिकेत १९९० च्या दशकात डॉ. जॉन ली यांच्या पुस्तकांनी अशा क्रीमला घराघरांत नेलं. बाईच्या बहुतेक तक्रारींमागे इस्ट्रोजेन या दुसऱ्या संप्रेरकाचं वर्चस्व असतं आणि त्वचेतून दिलेलं प्रोजेस्टेरॉन ते मोडून काढतं, असा त्यांचा दावा होता.

एंडोमेट्रिऑसिस इस्ट्रोजेनवर पोसतो, हे खरंच आहे. त्याचे ठिपके तर स्वतःपुरतं इस्ट्रोजेन स्वतःच बनवतात; अंडाशयाची वाटही बघत नाहीत. मग प्रोजेस्टेरॉन वाढवलं की झालं, हा तर्क पहिल्या ऐकण्यात पटतो. पण हिशेब करून बघा. बीज सुटल्यानंतरच्या दिवसांत बाईचं अंडाशय रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन थेट रक्तात सोडतं. क्रीममधले वीस मिलिग्रॅम कातडीवर लागतात, आणि त्यातला लहानसा भागच रक्तात पोचतो. म्हणजे बीज नियमित सुटणाऱ्या बाईला क्रीमपेक्षा कितीतरी जास्त प्रोजेस्टेरॉन दर महिन्याला घरचंच मिळत असतं, आणि तरी तिचा आजार वाढलेला असतो. त्यातच या ऊतकाची एक खोड आहे. प्रोजेस्टेरॉनचा संदेश घेणारे ग्राहक त्याच्या पेशींत कमी असतात, त्यामुळे आलेला संदेशही ते धड ऐकत नाही. कमी पोचणारं औषध, आणि न ऐकणारं ऊतक. एंडोमेट्रिऑसिसच्या दुखण्यावर हे क्रीम गुणकारी आहे असं दाखवणारी मोठी, नीट तुलना केलेली चाचणी झालेली नाही. आणि वरचा हिशेब पाहिला तर त्याचं फार आश्चर्य वाटत नाही. काही ठिकाणी क्रीमसोबत लाळेची तपासणीही विकली जाते. क्रीम लावल्यावर लाळेतलं प्रमाण खूप वाढलेलं दिसतं, रक्तातलं मात्र कमीच असतं. असल्या रिपोर्टवर विसंबू नये.

इस्ट्रोजेनचं जेल कातडीतून चांगलं काम करतं, मग हे का नाही, असंही कुणी विचारतं. शरीराला इस्ट्रोजेन मायक्रोग्रॅममध्ये लागतं, प्रोजेस्टेरॉन मिलिग्रॅममध्ये. कातडीची वाट बारीक आहे. मायक्रोग्रॅम तिच्यातून सहज जातात, मिलिग्रॅम अडकतात.

"पण माझ्या नणंदेला फरक पडला," हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे, आणि नणंद खोटं बोलत नाही. त्याचं उत्तर मला एका ऑपरेशनच्या चाचणीत सापडलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ३९ बायकांचे दोन गट केले होते. दोन्ही गटांना भूल दिली, पोटात दुर्बीण घातली. एका गटाचा आजार कापून काढला, दुसऱ्या गटाचा नुसता बघितला आणि तसाच ठेवला. कुणाचं काय केलं हे बायकांना सांगितलं नव्हतं. सहा महिन्यांनी कापून काढलेल्यांपैकी ८० टक्के बायकांना बरं वाटत होतं. काहीही न काढलेल्यांपैकीही ३२ टक्क्यांना बरं वाटत होतं. म्हणजे तिघींतल्या एकीचं दुखणं आजार जागच्या जागी असताना कमी झालं. दुखणं मेंदूतही घडतं. कुणीतरी लक्ष दिलं, काहीतरी केलं, आता बरं होणार असं वाटलं, की नसा थोड्या शांत होतात. शिवाय हा आजार स्वतःहूनही चढतो-उतरतो. नणंदेचा आराम खरा आहे. तो क्रीममधल्या औषधाचा होता की नाही, एवढंच त्यावरून ठरत नाही. आणि हीच चाचणी ऑपरेशनच्या बाजूनेही बोलते: ८० आणि ३२ यांतलं अंतर लहान नाही. तसंच कापून काढूनही पाचातल्या एकीला आराम पडला नाही, हेही ती सांगते. ऑपरेशनला हो म्हणणाऱ्या प्रत्येकीला हे तिन्ही आकडे माहीत असायला हवेत.

आता औषधांची ती मधली रांग. तिच्यातलं सगळ्यात जुनं औषध आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक बाईने कधी ना कधी गिळलेलं आहे. गौरी-गणपती, घरातलं लग्न, सत्यनारायण, तिरुपतीची यात्रा, आणि तारीख नेमकी आडवी आली की केमिस्टकडून पाळी पुढे ढकलायची गोळी येते. ती गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरॉन. १९५१ मध्ये मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्स कंपनीत लुइस मिरामोंतेस या तरुण रसायनशास्त्रज्ञाने ती पहिल्यांदा बनवली, आणि तिचा कच्चा मालही त्याच रानकंदाच्या वाटेने आलेला होता. प्रोजेस्टेरॉनच्या कुळातलं, पण पोटातून घेतल्यावरही टिकणारं आणि कितीतरी जोरकस असं औषध हवं होतं, म्हणून तर हा सगळा खटाटोप झाला. एंडोमेट्रिऑसिससाठी हीच गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली महिनोन्‌महिने दिली जाते. चार दिवसांच्या सणासाठी जी गोळी आपण डॉक्टरला न विचारता घेतो, ती वर्षानुवर्षांच्या दुखण्यासाठी डॉक्टरने लिहून दिली की "हार्मोन नको बाई, अंगावर उठतं" म्हणून ठेवून देतो. आधी सासू ठेवून देते, मग आई, मग ती स्वतः. मला याचं फार वाईट वाटतं. चिठ्ठी फाडण्याआधी निदान ही गोळी आपल्या ओळखीची आहे एवढं तरी तिला कळावं.

आज भारतात डायनोजेस्ट ही दोन मिलिग्रॅमची रोजची गोळी जास्त लिहिली जाते. गर्भाशयात बसवायचं लेव्होनॉर्जेस्ट्रेलचं साधन, ज्याला बहुतेक जणी मिरेना म्हणूनच ओळखतात, तेही या कामाला येतं. साधी संयुक्त गर्भनिरोधक गोळीही येते. ही औषधं दर महिन्याचं चक्र मंदावतात किंवा थांबवतात, अस्तर वाळवतात, ठिपक्यांना मिळणारं पोषण तोडतात. वीस मिलिग्रॅम क्रीमला हे जमत नाही. या औषधांचे त्रास मी लपवणार नाही, पुस्तकात त्यांना स्वतंत्र प्रकरण दिलं आहे: पहिले काही महिने अधूनमधून डाग पडत राहणं, डोकेदुखी, उदास वाटणं, इच्छा कमी होणं, काहींचं वजन वाढणं. रक्तात गुठळी होण्याचा इतिहास असेल तर काही गोळ्या घेताच येत नाहीत. तिघी-चौघींतल्या एकीला यांनी पुरेसा आराम पडत नाही. बंद केल्या की दुखणं बहुधा परत येतं. आणि मूल हवं असेल त्या काळात त्या चालत नाहीत, कारण बीजच सुटत नाही. अंडाशयाला पूर्ण झोपवणारी इंजेक्शनं त्यापुढची पायरी; घाम, गरम वाफा आणि हाडांची झीज यांमुळे ती सोबतीला आधाराचं औषध देऊन, बेताने वापरतात. एकेकाळचं डॅनाझॉल आवाज घोगरा करायचं, हनुवटीवर केस आणायचं. ते आता मागे पडलं आहे. पण हार्मोन म्हटलं की अनेकींच्या आई-मावश्यांना आठवतं ते तेच, आणि भीती तिथूनच पुढे आली आहे.

ऑपरेशनविषयी लिहिण्याआधी एका शल्यविशारद बाईंच्या परवानगीने मी ते थिएटरमध्ये उभं राहून पाहिलं. बेंबीतून दुर्बीण आत जाते, पोट वायूने फुगवलेलं असतं, आणि सगळ्यांचे डोळे मॉनिटरकडे लागतात. आतला पडदा निरोगी असतो तिथे गुळगुळीत, ओलसर चमकतो. मग निळसर काळे ठिपके दिसायला लागतात, काही लालसर पुरळ, काही नुसते पांढरे, ओढलेले व्रण. त्या दिवशीच्या रुग्णाचं डावं अंडाशय गर्भाशयाच्या पाठीला घट्ट चिकटलेलं होतं आणि मोठं आतडं वर ओढलं गेलं होतं. बाईंनी पहिला अर्धा-पाऊण तास काहीच कापलं नाही. त्या मूत्रवाहिनी शोधत होत्या, मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाणारी नळी. व्रणांच्या गुंत्यात ती ओळखू येत नाही, पण ती जिवंत असते. हलकेच स्पर्श केला की वळवळते. ती वळवळ दिसेपर्यंत त्या थांबल्या. मग तिला मोकळी करून बाजूला केली, आणि त्यानंतर आजार सोलून काढायला सुरुवात झाली. ऑपरेशन म्हणजे काय असतं ते मला त्या थांबण्यातून कळलं.

हा आजार काढायच्या दोन रीती आहेत. वरवर जाळणं किंवा मुळासकट कापून काढणं. शेतात हरळी माजली की नुसती वरून खुरपून भागत नाही, हे आपल्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही. खोल गेलेल्या आजाराचं तसंच आहे. चॉकलेट सिस्टमधला द्रव नुसता सुईने ओढून घेतला तर ती बहुधा पुन्हा भरते; तिची भिंत सोलून काढावी लागते. पण भिंत सोलताना तिला लागून असलेली निरोगी बीजंही थोडी जातात, आणि दोन्ही बाजूंना सिस्ट असतील तर हा तोटा मोठा असू शकतो. त्यामुळे मूल व्हायचं असलेल्या बाईने सिस्ट दिसली की काढा असा आग्रह धरू नये, डॉक्टरनेही धरू नये. आधी अंडाशयातल्या बीजांचा साठा सांगणारी एएमएचची रक्ततपासणी आणि नीट बोलणं व्हावं. उलट आजार सौम्य असेल आणि गर्भ राहत नसेल, तर दुर्बिणीतून तो काढल्याने फायदा होतो. कॅनडात ३४१ बायकांवर झालेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आजार काढलेल्यांपैकी शंभरातल्या साधारण तीस जणींना ३६ आठवड्यांत टिकणारा गर्भ राहिला. नुसती तपासणी झालेल्यांपैकी अठरा जणींना.

ऑपरेशननंतर आजार परत येऊ शकतो. दोन वर्षांत सुमारे पाचातल्या एकीला आणि पाच वर्षांत जवळजवळ निम्म्या जणींना तो पुन्हा गाठतो. हे ऐकून बायका खचतात. त्यांना मी लगेच पुढची गोष्ट सांगते: ऑपरेशननंतर संप्रेरकांची औषधं सुरू ठेवली तर परत येण्याचं प्रमाण कमी होतं. ब्रिटनमध्ये ४०५ बायकांना ऑपरेशननंतर दोन वेगवेगळ्या प्रकारची औषधं देऊन तीन वर्षं पाहिलं. २०२४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. एका गटाला गर्भनिरोधक गोळ्या, दुसऱ्याला दीर्घकाळ चालणारं इंजेक्शन किंवा गर्भाशयातलं साधन. दुखणं दोन्हींत सारखंच उतरलं होतं, पुन्हा ऑपरेशन लागण्याची वेळ मात्र दुसऱ्या गटावर कमी आली. म्हणजे ज्या बाईने हार्मोन टाळण्यासाठी ऑपरेशन निवडलं, तिला ऑपरेशननंतरही हार्मोनचाच विचार करावा लागतो. आणि जिने ऑपरेशन टाळण्यासाठी हार्मोन निवडलं, तिला आता नुसत्या निदानासाठीही पोट उघडावं लागत नाही. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दुर्बिणीची ती सक्ती काढून टाकली. लक्षणं, तपासणी, सोनोग्राफी किंवा एमआरआय यांवरून औषध सुरू करता येतं.

महाराष्ट्रात ऑपरेशन म्हटलं की आणखी एक गोष्ट समोर येते, आणि तिच्याविषयी मला राग आहे. ओटीपोटात दुखतंय ना, मुलं झालीत ना, मग पिशवी काढून टाका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची २०१९ मध्ये पाहणी झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यातल्या अनेकींना पोटदुखी आणि अंगावरून जाणं एवढीच तक्रार होती. पाळीच्या दिवसांत कोयता खाली ठेवला तर मुकादम पैसे कापतो, हेही त्या निर्णयामागे होतं. इतर राज्यांतल्या अशाच प्रकारांवरून एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना तीन महिन्यांत मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. एंडोमेट्रिऑसिसच्या बाबतीत मला इतकंच सांगायचं आहे की हा आजार व्याख्येनेच पिशवीच्या बाहेर आहे. पिशवी काढली आणि बाहेरचा आजार तसाच ठेवला, तर दुखणं राहू शकतं. गर्भाशयाच्या भिंतीतही आजार असेल, मुलांचा विचार संपलेला असेल, बाकी उपाय करून झाले असतील, तर पिशवी काढण्याला जागा आहे. पण तेव्हाही बाहेरचा आजार सोबत काढायला हवा. इंग्रज कादंबरीकार हिलरी मँटेल यांचं उदाहरण पुस्तकात सविस्तर दिलं आहे. त्यांच्या दुखण्याला आधी मनाचा आजार ठरवून गोळ्या दिल्या गेल्या. बोट्स्वानात राहत असताना त्यांनी वैद्यकाचं पुस्तक वाचून स्वतःचं निदान स्वतः केलं. सत्ताविसाव्या वर्षी त्यांचं गर्भाशय आणि अंडाशयं काढली गेली, मूल होण्याची शक्यता कायमची संपली, आणि दुखणं तरीही परत आलं. पुढे त्यांना दोनदा बुकर पारितोषिक मिळालं. शरीराची झुंज शेवटपर्यंत चालू होती.

मग क्रीमचं काय करायचं? माझं मत सांगते. ट्यूबमध्ये काय आहे ते वाचा. नुसता कंदाचा अर्क असेल तर पैसे वाचवा. प्रोजेस्टेरॉन असेल आणि एखादीला वापरायचंच असेल, तर डॉक्टरला सांगून, तीन महिन्यांची मुदत घालून, दुखण्याची वही ठेवून वापरावं. लावलेल्या जागेला लहान मुलाचा स्पर्श होऊ देऊ नये. मुदत संपली आणि वही तशीच राहिली तर थांबावं. क्रीममुळे मोठा अपाय होतो असं मी म्हणत नाही. त्याच्या भरवशावर जे वर्ष जातं, ते मला महाग वाटतं. मूत्रवाहिनी व्रणांत आवळली गेली तर मूत्रपिंड एकही कळ न येता निकामी होऊ शकतं, म्हणून खोल आजार असलेल्या प्रत्येकीच्या सोनोग्राफीत मूत्रपिंडंही बघायला सांगावीत. शौचाला पाळीच्या दिवसांत असह्य दुखत असेल, रक्त पडत असेल, पोट गच्च होऊन उलट्या होत असतील, सिस्ट वाढत असेल, किंवा वय पस्तिशीकडे असून मूल हवं असेल, तर क्रीमला तीन महिनेही देऊ नयेत.

वहीविषयी दोन शब्द, कारण दवाखान्यात तिचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. एका बाईच्या परवानगीने तिच्या वहीचं एक पान मी आत छापलं आहे. तारीख, पाळीचा कितवा दिवस, दुखणं शून्य ते दहात किती, कुठे, कोणती गोळी किती वाजता, आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी काय राहून गेलं. त्या रकान्यात लिहिलंय: "डबा केला नाही. लोकलमध्ये उभी राहू शकले नाही, दादरला उतरून बसले. नवऱ्याला नको म्हटलं." पाच वर्षं तिला डॉक्टर विचारत होते, किती दुखतं? ती म्हणायची, खूप. पान बघून डॉक्टरांनी पहिल्यांदा पेन खाली ठेवलं आणि संबंधांच्या वेळच्या दुखण्याविषयी विचारलं. तिथून तपासणीची दिशा बदलली. दुखण्याचा जोर आणि आजाराचा पसारा यांचा मेळ बसेलच असं नाही; चार ठिपक्यांची बाई लोळत असते आणि आतडं चिकटलेली बाई ऑफिसला जात असते. त्यामुळे रिपोर्टवरची आजाराची पायरी बघून कुणी तुमचं दुखणं मोजत असेल, तर वही पुढे करा. वर्षानुवर्षं पेटलेल्या नसा आजार काढल्यावरही काही काळ ठणकत राहतात. ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी तेव्हा कामाला येते, आणि ती शिकवणाऱ्या थेरपिस्ट आता मोठ्या शहरांत भेटू लागल्या आहेत.

भारतीय बायकांमधला हा आजार नेमका कसा दिसतो, याची पद्धतशीर नोंद आपल्याकडे अलीकडेच सुरू झाली. मुंबईत परळला आयसीएमआरची प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्था आहे; तिथल्या डॉ. राहुल गजभिये यांच्या पुढाकाराने देशभरातल्या केंद्रांत बायकांची लक्षणं, ऑपरेशनमधले निष्कर्ष आणि जनुकीय नमुने एकाच साच्यात गोळा करायला सुरुवात झाली. इतकी वर्षं आपण युरोप-अमेरिकेतल्या बायकांचे आकडे इथल्या बायकांना लावत आलो. या पुस्तकातलेही बरेच आकडे तिकडचेच आहेत, हे वाचताना ध्यानात असू द्यावं.

पुस्तक सरळ पहिल्या पानापासून वाचायलाच हवं असं नाही. निदान अजून झालं नसेल तर पहिली दोन प्रकरणं आणि वहीचा नमुना आधी बघावा. ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर थेट सहाव्या प्रकरणाकडे जावं. तिथे शल्यविशारदाला विचारायच्या गोष्टी आहेत: अशी ऑपरेशनं ते नेहमी करतात का, आजार जाळतात की कापतात, आतड्याचे सर्जन सोबत असतील का, आत वेगळं काही दिसलं तर माझ्या संमतीशिवाय काय काय काढणार नाही, आणि ऑपरेशनचं चित्रण मला मिळेल का. संमतीपत्रावर सही करण्याआधी त्यातली प्रत्येक ओळ मराठीत समजावून मागण्याचा हक्क आहे. त्यासाठी एक दिवस लागला, तर आणीबाणी नसेल तेव्हा तो मागून घ्यावा. घरातल्या पुरुषांसाठी आठवं प्रकरण आहे. ते छोटं आहे, एका बैठकीत वाचून होतं, आणि पहिल्या भेटीला दवाखान्यात जाण्याआधी त्यांनी ते वाचलेलं असावं.